बिनदोरीचं चित्र

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. एका डोंगराळ राज्यात मायाक्का नावाची मुलगी होती. तिचे आईवडील मेंढरं राखायचे. आज या माळावर तळ, उद्या त्या. आई कामाला लागली की पोरीला घोंगडीवर ठेवायची, आणि शेजारी कुत्रीची पिल्लं असायची. त्यामुळे मायाक्का रांगायला शिकली ती पिल्लांच्या मागे. भूक लागली की ती रडत नसे, कुईकुई करायची, असं तिची आई येईल त्याला हसून सांगायची.

तळावर एक म्हातारा कुत्रा होता. त्याचं नाव पाटील. कुणाच्या हाकेला तो उठायचा नाही, आणि उठला की सगळी मेंढरं आपणहून वाट द्यायची, म्हणून पाटील. मायाक्का त्याच्या पोटाला टेकून झोपायची आणि मनातलं सगळं त्याच्या कानात सांगायची.

एका हिवाळ्यात पाटील गेला. मायाक्का रडून रडून दमली, मग चुलीतला कोळसा घेऊन एका कातळावर त्याचं चित्र काढायला बसली. पाय जमले, पाठ जमली, आणि कानापाशी हात अडला. पाटलाचा एक कान मुडपलेला असायचा. पण कोणता? आईनं डावा सांगितला, वडिलांनी उजवा. ज्या कानात एवढं बोलले तोच आठवेना, याचं तिला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी ती जेवली नाही.

तेव्हाच तिनं ठरवलं की आपण कुत्र्यांची चित्रं काढायची, आणि ती जिवंत असतानाच काढायची. वडिलांनी समजावलं की बाई, देवाची काढ, राजाची काढ, कुत्र्याचं चित्र कोण भिंतीला लावणार? मायाक्कानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या तळावरच्या कुत्रीचं चित्र काढलं. तिला नाही म्हणणं सोपं होतं, थांबवणं कठीण होतं.

मोठी झाल्यावर ती राजधानीत आली. तिथे राजाची चित्रशाळा होती. तिथले मुख्य चितारी सगळ्यांचे गुरुजी होते. माणूस वाईट नव्हता हं, हातही चांगला होता, पण नियम म्हणजे नियम, त्यात तसूभर इकडचं तिकडं नाही. त्यांनी मायाक्काला रंग घोटायला ठेवलं. कुंचला धरायची मुभा नव्हती. ती दिवसा रंग घोटायची, आणि वेळ मिळाला की गल्लीतल्या कुत्र्यांसमोर मातीत बसून कोळशानं चित्रं काढायची. लोक तिला कुत्र्यांची चितारीण म्हणून चिडवायचे. ती म्हणायची, बरोबर आहे, तीच मी.

चित्रशाळेची एक रीत होती. ज्याचं चित्र काढायचं त्यानं हलायचं नाही. माणसं बसून राहत, पण जनावरं कशी राहणार? म्हणून अंगणात एक खांब रोवलेला होता आणि जनावराला त्याला आखूड दोरीनं बांधत. बांधलेला कुत्रा काय करतो तुम्हाला माहीत आहे. कान पाडतो, शेपूट पोटाशी घेतो, डोळे पांढरे करतो. मग चितारी काय करत, तर ते भ्यालेलं ध्यान समोर ठेवून कागदावर शेपूट वर करत, छाती फुगवत, दात दाखवत. परिणाम असा की चित्रशाळेत कुत्र्यांची भिंतभर चित्रं होती आणि सगळ्यांत कुत्रा एकच होता.

त्या वर्षी राजा शिकारीला गेला असताना एक रानडुक्कर त्याच्यावर धावून आलं. राजाचा काळाभोर कुत्रा, भुंगा, मध्ये पडला. राजा वाचला. भुंग्याचा खांदा फाटला, पण वैद्यांनी तो बरा केला. राज्यात रीत अशी की राजाचा जीव वाचवणाऱ्याचं चित्र दसऱ्याला चित्रशाळेत लागायचं. राजानं हुकूम दिला, गुरुजींनी भुंग्याला खांबाला बांधलं, आणि चेहऱ्यावर त्वेष यावा म्हणून एकानं त्याला काठीनं डिवचलं.

चित्र तयार झालं. राजानं पाहिलं आणि म्हणाला, हा माझा भुंगा नाही. आणि खरा भुंगा? तो गाडीखान्यात एका मोडक्या गाडीखाली जाऊन बसला तो बाहेरच येईना. माणूस दिसला की थरथरायचा. राजा स्वतः गेला, तर त्याच्यावरही गुरगुरला. खाणं तुटलं, हाडं दिसू लागली. वैद्य म्हणाले, जखम भरली आहे, पण हा आता फार दिवस काढेल असं वाटत नाही. राजाला त्याचा फार लळा होता. तो म्हणाला, निदान त्याचं खरं चित्र तरी माझ्याजवळ राहू दे. गुरुजींनी सांगितलं की पुन्हा बांधतो, या वेळी दोरी आणखी आखूड घेतो.

मायाक्का कोपऱ्यात गेरू घोटत होती. ती उठून पुढे आली.

"महाराज, मी काढते. पण दोरीशिवाय."

सगळे हसले. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी अट घातली. दसऱ्यापर्यंत चित्र झालं तर मायाक्काला चित्रशाळेत चिताऱ्याची जागा. नाही झालं तर तिनं परत मेंढरांकडे जायचं, या राज्यात पुन्हा कुंचला धरायचा नाही, आणि भुंग्याला पुन्हा खांब. राजानं मान हलवली. मायाक्कानंही हलवली.

दुसऱ्या दिवसापासून ती गाडीखान्यात जाऊन बसू लागली. रंग नाही, कुंचला नाही. नुसती भुंग्याकडे पाठ करून जमिनीवर बसायची, भाकरी खायची, अर्धी मागे ठेवायची आणि उठून जायची. गाडीवान म्हणायचे, अगं, चित्र कधी काढणार? ती म्हणायची, आधी ओळख तर होऊ दे.

भाकरी तशीच पडून राहायची. मग एके दिवशी ती नाहीशी झाली. मग मायाक्काच्या देखत नाहीशी झाली. मग एकदा तिच्या पाठीला काहीतरी ओलं लागलं, तर ते भुंग्याचं नाक होतं. मायाक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण ती वळली नाही. वळली असती तर तो पुन्हा गाडीखाली गेला असता.

असं करता करता दसरा उद्यावर आला. आता मात्र ती रंग, कुंचला, कागद सगळं घेऊन गेली आणि गाडीखान्याच्या दारात उन्हाला बसली. भुंगा गाडीखालून निघाला. आला, तिला हुंगलं, दोनदा जागच्या जागी फिरला, आणि तिच्या उजव्या हातावर डोकं ठेवून झोपला. झोपला म्हणजे अगदी गाढ झोपला, पाय ताणून, तोंड उघडं टाकून. त्या खांबानंतर त्याला कुणी झोपलेला पाहिलाच नव्हता.

आता आली का पंचाईत? हात ओढला तर तो दचकून उठणार, आणि मिळवलेलं सगळं मातीत जाणार. हात तसाच ठेवला तर चित्र कसं काढणार? राहिला डावा हात. पण चित्रशाळेत डाव्या हाताचा कुंचल्याला स्पर्शसुद्धा चालत नसे. चुकून लागला तर तो कुंचला फेकून देत आणि लावणाऱ्याला घरी पाठवत. मायाक्कानं भुंग्याकडे पाहिलं. त्याचे मिटलेले डोळे झोपेत हलत होते. तिला वाटलं, मला घरी पाठवायचं तर पाठवा, पण याला मी उठवणार नाही. आणि तिनं डाव्या हातानं कुंचला उचलला.

डावा हात कधी काही शिकलेला नव्हता. रेघ एकीकडे न्यावी तर दुसरीकडे जाई. रंग ओघळला, पंजा वाकडा आला, ती दात-ओठ खाऊन पुन्हा काढत राहिली. उजव्या हाताला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला, तरी तिनं तो हलवला नाही. ऊन उतरेपर्यंत चित्र झालं. मग भुंगा स्वतःहून उठला, आळस दिला आणि तिचा डावा हात चाटला. त्याला काय, दोन्ही हात सारखेच.

दसऱ्याला दरबार भरला. चित्रावरचं कापड निघालं आणि लोक कुजबुजू लागले. शेपूट वर नाही, दात नाहीत, नुसता झोपलेला कुत्रा, तोही थरथरत्या रेघांचा. गुरुजींनी जवळ जाऊन पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले की ही रेघ डाव्या हाताची आहे, आणि चित्रशाळेचा नियम सर्वांना माहीत आहे.

राजानं मायाक्काला विचारलं, "खरं आहे का? उजवा हात का नाही वापरलास?"

"उजवा त्याच्या डोक्याखाली होता, महाराज. त्याला झोप लागली होती."

राजा सिंहासनावरून उतरला आणि चित्रासमोर जाऊन उभा राहिला. झोपेत भुंग्याची जीभ जराशी बाहेर यायची, ती तशीच होती. पिल्लू असताना तो राजाच्या मांडीवर अस्साच झोपायचा.

मग राजा म्हणाला, "गुरुजी, नियम तुमचा आहे, तुम्हीच सांगा. पण एक ध्यानात घ्या. त्याला बांधायला दोरी मी दिली होती. माझा जीव वाचवणाऱ्याला मी खांबाला बांधलं, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही."

गुरुजींनी पुन्हा चित्र पाहिलं. या वेळी रेघ नाही, कुत्रा पाहिला. शेवटी ते म्हणाले, "पंजा चुकलाय, पोरी. रंगही ओघळलाय. उद्यापासून माझ्या शेजारी बस, दोन्ही दुरुस्त करू." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ते चित्र भिंतीवर लावलं.

अंगणातला खांब त्याच आठवड्यात उपटला गेला. राजा रोज सकाळी गाडीखान्यात जाऊ लागला. मुकुट काढून ठेवायचा, भुंग्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचा आणि अर्धी भाकरी मागे ठेवायचा. बरेच दिवस भुंगा आला नाही. राजानं जाणं सोडलं नाही. थंडी सरता सरता एका सकाळी त्याच्या पाठीला काहीतरी ओलं लागलं, आणि एवढा मोठा राजा लहान पोरासारखा रडला.

बाळांनो आणि मोठ्यांनो, ही गोष्ट एवढंच सांगते: ज्याच्यावर माया आहे त्याला बांधून ठेवू नये, तो आपणहून जवळ येईपर्यंत थांबावं.