सारजाची ताठ मान

खडकपूरच्या मंडईला राजानं दगडी पायऱ्या बांधल्या आणि सारजा बुरडीण उन्हात आली.

सारजा लहानपणापासून पायानं अधू. चार चाकांची फळी होती, तिच्यावर बसायची, दोन्ही हातांत लाकडाचे ठोकळे धरून जमीन मागं रेटायची आणि अख्खं गाव फिरायची. सुपं, टोपल्या, दुरड्या विणाव्यात तर तिनंच. मंडईतली तिची सावलीची जागा आईच्या वेळेपासूनची. आता पायऱ्या झाल्या म्हणजे ती खाली रस्त्यावर, बैलांच्या शेपटांपाशी. वर जायचं तर कुणीतरी उचलायला हवं. आणि उचलणारा माणूस एकदा उचलतो अन् आठवडाभर ऐकवतो. शेजारचा सटवा कुंभार तेवढा बिनबोभाट उचलायचा, पण त्याचीही कंबर काही लोखंडाची नव्हती.

शेवटी सारजा म्हणाली, राजालाच विचारते.

राजा मानाजीराव हट्टी गडी. त्यानं दरबाराचं दार मुद्दाम ठेंगणं बांधून घेतलं होतं. आत येणारा कितीही मोठा असो, कमरेत वाकल्याशिवाय आत येणं नाही. स्वतः हा मागच्या उंच दारानं पालखीतून यायचा, आणि समोर बसून वाकणाऱ्या माना बघत मिशीला पीळ द्यायचा. दुसरं काम काय त्याला!

सटवानं सारजाला दरबाराच्या पायऱ्यांवरून फळीसकट उचलून दारात ठेवलं. ती ठोकळे मारत सरळ आत गेली. दार तिच्या डोक्यावर हातभर उंच राहिलं. मान ताठच्या ताठ.

राजाचा पीळ अर्ध्यावर थांबला. "मान कुठं आहे तुझी?"

"जागेवर आहे, महाराज."

दरबारात कुणीतरी खोकल्यासारखं केलं. सारजानं हात जोडले, मंडईच्या पायऱ्यांचं गाऱ्हाणं सांगायला लागली, पण राजा ऐकतोय कुठं! त्याच्या दारातून एक बाई न वाकता आली होती, हेच त्याच्या घशात अडकलेलं.

"उद्या याच दारातून परत यायचं," तो म्हणाला. "तू आपणहून वाकायचं नाहीस, दारानं तुला वाकवलं पाहिजे. कुणी तुला उचलायचं नाही, ढकलायचं नाही. दाराचा एक दगड हलता कामा नये. जमलं तर तुझं गाऱ्हाणं ऐकेन. नाही जमलं तर मंडईत सोड, मंडईबाहेरही बसायचं नाही."

प्रधान दाजीपंत पोट हलवत हसले. सारजा मात्र मनात हिशेब करायला लागली. बाजार गेला तर खायचं काय, बांबूचा भुसा?

बाहेर पडताना तिनं दारात फळी थांबवली. कमरेची बांबूची कांब काढून डोक्यापासून वरच्या दगडापर्यंतचं अंतर मापून घेतलं आणि सटवाला विचारलं, "दादा, गाढवं मोकळी आहेत का तुझी?"

सटवाला वाटलं ही गाढवावर बसून दारात शिरणार. तिनं कपाळाला हात लावला. "मला गाढवावर बसवणार कोण? उचलायचं नाही म्हणालाय ना तो. माती आण, माती."

दुपारपासून सटवाची गाढवं मातीच्या गोण्या आणायला लागली. पहारेकऱ्यानं हटकलं तर सारजा म्हणाली, "दगडाला हात लावलाय का कुणी? मग बस गप." मंडईतली माणसंही घमेली घेऊन आली. डोक्यावर ओझं घेऊन मंडईच्या पायऱ्या चढताना त्यांचेही गुडघे बोलतच होते, तोंडं तेवढी बोलत नव्हती. दिवेलागणीला पायऱ्या मातीखाली गडप. खालच्या रस्त्यापासून चोपून काढलेला लांब उतार दारातून आत गेलेला, आणि उंबऱ्यावर मातीचा उंचवटा, कांबेच्या मापाहून चार बोटं जास्त.

सकाळी राजा गादीवर बसला. दरबारी मात्र दाराशीच तुंबलेले. कमरेत वाकून भागेना, दार उरलं होतं बसलेल्या माणसापुरतं. शेवटी दाजीपंत खाली बसले आणि घसटत घसटत आत आले. रेशमी धोतराचा पार चिखल! मागोमाग बाकीचे, तसेच.

मग सारजा आली. ठोकळे मारत, घाम पुसत, एकटी उतार चढली. दारात आली तसा वरचा दगड कपाळाला टेकला. मान वाकवावी लागली. पलीकडच्या उतारावरून फळी घरंगळली ती थेट गादीपुढं.

"वाकवली दारानं, महाराज."

"आणि माझा दरबार? एका बाईपायी सगळ्यांनी घसटत यायचं?"

"एकच दिवस आले की, महाराज. मंडईत मी रोजच दुसऱ्याच्या हातावर आहे."

सारजानं पुढं सांगितलं की उंबऱ्यावरचा उंचवटा आत्ता काढून टाकते, दरबारी पुन्हा नुसते वाकून येतील, पायऱ्यांवरचा उतार तेवढा असू द्या. आणि तसाच एक मंडईला.

राजानं डोळे बारीक केले. "उंचवटा काढलास की तुझी मान परत ताठ!"

"तेवढी एक राहू द्या, महाराज. सगळेच वाकलेले असले तर तुमच्या तोंडाकडं बघून बोलायचं कुणी?"

दाजीपंतांनी डोळे मिटून घेतले. आणि राजा असा हसला, असा हसला की मिशीचा पीळ सुटला, पगडी मांडीवर पडली.

त्याच दिवशी हुकूम निघाला. दरबाराला आणि मंडईला दगडी उतार, सारजाची सावलीची जागा तिची तिला, आणि राजवाड्याला लागतील तेवढी सुपं-टोपल्या तिच्याकडूनच.

पुढच्या बाजारी मंडईच्या उतारावरून पहिली वर गेली ती सारजा. तिच्या मागं, बाजूच्या पायऱ्यांकडं ढुंकूनही न बघता, पोट सांभाळत चढत होते ते प्रधान दाजीपंत.