पिशवी घातलेला सेन्सर

“ही पिशवी कुणी घातली?”

मुलाणी सरांनी इचारलं, आन सिद्राम लवटेनं छाती पुढं काढली.

“म्या.”

वर भिंतीला, छताच्या जरा खाली, तळहाताएवढा पांढरा डबा हुता. गॅस हुंगायचा सेन्सर. त्याच्या तोंडावर दुधाची रिकामी पिशवी चढवलेली, वरनं रबर लावून गच्च आवळलेली. खादाड बैलाला मुसकं घालावं तशी.

“का घातली?”

“आरडतंय.”

“आरडायलाच ठिवलंय की त्याला.”

“उगंच आरडतंय, सर! काय हाय न्हाई, आन बोंब मारतंय!”

तालुक्याचं आयटीआय. मुलाणी सर तिथलं सगळ्यात जुनं मास्तर. सिद्रामला वेल्डिंग त्यांनीच शिकवलेलं, आन आता सिद्रामच तिथं वेल्डिंग शिकवायचा. नाकावर राग. मुलाणी सरांचं ऐकायचा. बाकी कुणाच्या बापाचं ऐकलं न्हाई.

साल सुरू व्हतानाच समद्या वर्कशॉपमधी असलं डबं बसवलं. समदं एकमेकाला जोडलेलं. एक वराडला की साऱ्या इमारतीत भोंगं, आन सरांच्या मोबाइलवर निरोप. भोंगा झाला की पोरापोरींनी मैदानात पळायचं, असा नेम.

खंडेनवमीला सिद्रामनं मशिनींची पूजा मांडली. हळद-कुक्कू लावलं, धूप घातला. आन डबा बोंबलला. फिटरची पोरं, इलेक्ट्रिशियनची पोरं, शिवणकामाच्या पोरी, समदी मैदानात. प्राचार्य सुदिक एका पायात चप्पल घालून पळत आलं. तवापास्नं सिद्राम दिसला की कुणीतरी मागनं वरडायचंच, “पळा रं! लवटे सरांनी उदबत्ती लावली!”

त्याच दिशी पिशवी चढली.

“चुगली कुणी केली, तेवढं सांगा,” सिद्राम म्हणाला. “तंगडं मोडतो त्याचं.”

“कुणी न्हाई केली. मोबाइलवर समद्या डब्यांचं आकडं दिसत्यात मला. जरा वर, जरा खाली. तुझा एकटा हलतच न्हाई. हितं वेल्डिंग चालू असतं तवा बी हलत न्हाई… मसणात सुदिक एवढं शांत नसतंय, सिद्राम.”

सिद्रामनं वर पिशवीकडं बघितलं.

सोमवारची सकाळ हुती. शॉप रविवारभर बंद. दार हातभर उघडलेलं. भाईर पोरं ॲप्रन घालून वाट बघत उभी. सरांनी आत यायच्या आधी आपला मोबाइल भाईरच्या कट्ट्यावर ठिवला हुता, सिद्रामचा बी काढून घेतला हुता. दिव्याचं बटन दाबू दिलं न्हवतं. सिद्रामला वाटलं, म्हातारं झालं म्हंजी माणूस असंच करतंय.

“सर, मला नाक हाय. जलमभर ह्योच धंदा केला. वेल्डिंगच्या ॲसिटिलीन गॅसला लसणावानी वास येतुया. गळालं तर आधी मला कळंल, मागनं त्या डब्याला.”

“आत्ता येतोय वास?”

सिद्रामनं भरभरून हुंगलं.

“न्हाई.”

“नक्की?”

“आईच्यान.”

सर स्टूलावर चढलं. रबर सोडवलं. पिशवी काढली.

काय झालं न्हाई…

सिद्राम हसला. “बघा. आज तर त्याला बी काय—”

डबा किंचाळला.

मागोमाग समद्या इमारतीतनं भोंगं उठलं. जिन्यावरनं पाय वाजाय लागलं. मैदानात गलका झाला, आन त्या गलक्यातनं एक आवाज आला, “लवटे सर, आज कुठल्या देवाची पूजा?” आन शे-दीडशे पोरं खो खो हासली.

सिद्रामच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

“ऐकलंसा? ह्येच्यापायी! ह्येच्यापायी घातली पिशवी! गावात मान हाय मला, आन ह्यो दीडदमडीचा डबा माझी जत्रा भरवतोय!”

सर सावकाश स्टूलावरनं उतरलं.

“तुला वास येत न्हाई.”

“न्हाई!”

“म्हंजी गॅस न्हाई.”

“न्हाईच!”

“चकमक हाय खिशात?”

गॅस पेटवायची चकमक. मुठीत दाबली की ठिणगी उडती. वेल्डरच्या खिशात ती असायचीच.

“हाय की.”

“मग उडव ठिणगी.”

सिद्रामनं झटक्यात चकमक भाईर काढली. हात लांब केला. दात-ओठ खाल्लं…

सर जागचं हाललं न्हाईत. उलट एक पाऊल फुडं आलं. इतकं जवळ की त्यांचा श्वास सिद्रामला लागत हुता.

“उडव.”

भाईर पोरं हासत हुती.

सिद्रामनं मूठ आवळायला घेतली. बोटं वळंनात. त्यानं हाताकडं बघितलं. हात त्याचाच हुता. काठीएवढा नाग शेपटीला धरून गरगरा फिरवलेला हात. पण मूठ काय मिटंना.



भोंग्यांच्या गोंगाटातनं एक बारीक आवाज ऐकू आल्यागत झाला. फुस्स… सिलिंडरपाशी, का सवताच्याच कानात, त्याला कळंना. त्यानं परत हुंगलं. काय न्हाई. अजून जोरानं हुंगलं. काय न्हाई. आन जल्मात पैल्यांदा त्याला वास न येण्याचंच भ्या वाटलं. नाक खरं बोलतंय, का नाक मेलंय, हे आता इचारायचं कुणाला?

“सर…”

“हं.”

“चकमक घासलीया. ठिणगी पडत न्हाई हिच्यात.”

“बरं.”

सर दाराकडं वळलं.

“पोरांकडं नव्या हायेत. एखाद्याला आत बोलावतो. तुझ्या म्होरं त्याच्या हातनं उडवू.”

त्यांनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तोंड उघडलं…

“न्हाई!”

सिद्राम आडवा पडल्यागत दारात जाऊन उभा राह्यला. दोनी हात पसरून.

“पोरं नगंत, सर! पाया पडतो तुमच्या. पोरं आत नगंत!”

“का रं? गॅस तर न्हाई.”

सिद्रामनं आत नजर फिरवली.

त्याला काहीतरी करायचं सुचलं. भिंतीवरच्या पंख्याकडं त्यानं झेप घेतली, हवा भाईर काढायच्या मोठ्या पंख्याकडं. बोट बटनावर पोचणार, तोवर सरांनी मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या बोटांत एवढं बळ आसंल असं त्याला वाटलं न्हवतं.

“बटनात बी ठिणगी असती, बाबा.”

सिद्राम तसाच उभा. बोट बटनापास्नं चार अंगुळं लांब. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावरनं टपकन खाली पडला आन तेवढ्यानं सुदिक तो दचकला.

सरांनी त्याच्या हातातली चकमक घेतली. वाकून जमिनीवर ठिवली, निजलेलं लेकरू खाली ठिवावं तशी.

“दार पुरं उघड. हळू. धडकू दिऊ नगं.”

सिद्रामनं दार उघडलं. एवढं हळू त्यानं कधी काय केलं न्हवतं. मग भाईर येऊन पोरांवर असा वराडला की हासू जागच्या जागी जिरलं. “मागं व्हा! पार त्या काटेरी कुपाटीपतूर! पळा म्हंतो न्हवं!” एक पोरगं ॲप्रनमधी पाय अडकून पडलं, त्याला त्यानं कॉलरला धरून उचललं आन तसंच न्हेलं.

सर आतनं खिडक्या उघडत हुतं. एक. मग दुसरी. सिद्राम लांबनं बघत हुता आन परत्येक खिडकीला डोळं मिटत हुता. आत जावं म्हणला तर पाय उचलंना. सरांना हाक मारावी म्हणला तर वाटलं, हाकंनं सुदिक पेटंल.

सर भाईर आलं.

उघड्या माळावरचा वारा शॉपमधनं आरपार गेला. बऱ्याच येळानं भोंगं थांबलं. मागनं डबा बी गप झाला.

सर करंजाखाली बसलं. सिद्राम त्यांच्या पायाशी बसला. पोरं लांबनं बघत हुती, कुणी हासत न्हवतं.



“सर,” सिद्राम शेवटी म्हणाला. “खरं सांगा. आत गॅस हुता का न्हवता?”

सरांनी कपाळ पुसलं.

“कुणाला ठावं?” सर म्हणालं. “मी तर तुझ्याजवळ उभं राहून नुसता भीत हुतो.”