हमीदाची माफी

किनाऱ्यावरच्या कोळंबीच्या कारखान्यात अमोनियाचा पाइप फुटला आणि तिघीजणी शीतगृहात अडकल्या. अशा वेळी मॅनेजरसाहेबांच्या हुकुमाशिवाय कुणी आत जायचं नाही, असा तिथला नियम होता. म्हणून त्या तिघींसोबत काम करणारी हमीदा दाराशी थांबली. मॅनेजर धारपसाहेब काय करायचं ते मालकांना फोनवर विचारत राहिले. आतून येणाऱ्या हाका क्षीण होत गेल्या, तेव्हा मात्र हमीदाने ओढणी भिजवून तोंडाला बांधली आणि ती आत शिरली. दोघींना तिने ओढत बाहेर आणलं. तिसरी, सुगंधा, तोवर गेली होती.

आठवड्याने धारपांनी सगळ्यांना आवारात जमवलं. सुगंधाची आईही आली होती.

"हमीदा, नियम तो नियम," साहेब म्हणाले. "सगळ्यांदेखत माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"मागते, साहेब. चुकलंच माझं."

धारपांचा चेहरा खुलला. हमीदा मात्र त्यांच्याकडे पाठ करून सुगंधाच्या आईपुढे जाऊन उभी राहिली.

"मावशी, माफ करा मला. साहेबांचा फोन संपायची वाट बघत राहिले. नियम मोडायला उशीर झाला."

म्हातारीने तिला पोटाशी धरलं. धारप काही बोलायला गेले, पण सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते वळून ऑफिसात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हमीदा कामावर आली. तिला कुणी अडवलं नाही.