गटारातली कळशी

एकदा एक वृद्ध आचार्य पोह्यांच्या भट्टीशेजारी आश्रम बांधून राहत होते. भट्टीत साळ कढत पाण्यात भिजवीत, पाणी ओढ्याकडे जाणाऱ्या गटारात सोडीत आणि मग साळ भाजून कांडीत. त्या गटाराची ख्याती अशी, की हिवाळ्यात पंचक्रोशीतले बेडूक अंगाला तेल लावून तिथे न्हायला येत. कुणी पाहिले म्हणाल, तर बेडूक खोटे कशाला सांगतील?

एका वर्षी सरपण संपत आले. भट्टीचे शेठजी आश्रमात आले. "महाराज, ही चिंचेची झाडं माझ्या जमिनीत आहेत. उद्या कुऱ्हाड लावतो. तुम्ही हो म्हणा, म्हणजे झालं."

त्याच चिंचांच्या सावलीत आश्रमाची शाळा भरे. पण आचार्यांचा तरुण शिष्य मनात हसला. गुरुजी आता वृक्षमहिमा सांगणार आणि शेठजी डोळे पुसत परतणार! तो उपदेश त्याला तोंडपाठ होता.

आचार्य म्हणाले, "तोडा की. फक्त उद्या गटारात पाणी सोडाल, तेव्हा मला हाक मारा."

शिष्याचे तोंड उतरले.

सकाळी तोडणारे चिंचेखाली येऊन बसले. गटारातून वाफाळते पाणी धावू लागले. आचार्यांनी अभिषेकाची तांब्याची कळशी आडाच्या गार पाण्याने भरली, तोंड घट्ट बांधले आणि सरळ गटारात उभी केली.

"गुरुजी! अहो, देवाची कळशी!" शिष्य ओरडला.

शेठजी त्याच्या कानाशी लागले. "वय झालं रे. आमच्या आजोबांचंही असंच सुरू झालं होतं."

आचार्य शांतपणे जप करीत बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी कळशी काढली, बाहेरून राखेने घासून स्वच्छ केली आणि आतले पाणी शेठजींच्या हातावर ओतले. शेठजींनी हात झटकला.

"अगं आई गं! हे तापवलं कुणी?"

"तुम्हीच. आणि फेकलंतही तुम्हीच."

"पण गटार ते गटार, महाराज! माझे पोहे नैवेद्याला जातात."

"मग चाखून पाहा. मळ तांब्याच्या बाहेर राहिला, ऊब तेवढी आत आली. शेठजी, तुम्ही गार पाणी पहिल्यापासून तापवता आणि तापलेलं ओढ्याला देऊन टाकता. जाणाऱ्या पाण्याची येणाऱ्या पाण्याशी गाठ घाला, मध्ये तांब्याची भिंत असू द्या. सरपण लागेलच, पण चिंचांवर हात टाकावा लागणार नाही."

शेठजींनी एक घोट घेतला. मग तोडणाऱ्यांकडे वळून म्हणाले, "कुऱ्हाडी आवरा रे. आणि जाता जाता तांबटाला धाडून द्या."

गटारात तांब्याची लांबलचक नळी पडली. आडाचे पाणी तिच्यातून तापत तापत भट्टीत जाऊ लागले. तक्रार केली ती फक्त बेडकांनी: न्हाणीचे पाणी हल्ली कोमट येते म्हणे.

शिष्याने विचारले, "गुरुजी, त्या दिवशी उपदेश का नाही केलात?"

"केला असता, तर शेठजींनी मान डोलावली असती. पण भट्टी कशावर पेटवली असती?"

शिष्य तीच कळशी उचलून अभिषेकाचे पाणी आणायला आडाकडे गेला.

नाक मुरडून जे सोडून देतो, त्यात आपलीच ऊब किती गेली, हे एकदा हात लावून पाहावे.