बाळाविना बाळंतीण

एकदा एका म्हाताऱ्या सुईणीच्या हाती ठकूचं मूल आलं, ते मेलेलंच. सुईणीची शिष्या सोबत होती. कामाला वाघीण. तिने मूल झटकन फडक्यात गुंडाळून बाहेर दिलं, चिंध्या धुतल्या, जमीन सारवली आणि म्हणाली, "चला मावशी, आपलं काम संपलं." रीतही तशीच. सुईण दहा दिवस येते ती बाळाला न्हाऊ घालायला. बाळच नाही, तर कुणाकडे यायचं?

चौथ्या दिवशी मावशी शिष्येला घेऊन पुन्हा त्याच दारात. ठकू वाकून अंगण झाडत होती. चोळी दुधाने भिजलेली.

सासू म्हणाली, "बसून काय करणार? पोर आहे का पाजायला? कामात राहिली म्हणजे विसरेल."

मावशीने ठकूच्या हातातला झाडू काढून घेतला. तिला बाजेवर निजवलं, बाजेखाली शेगडी ठेवली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. हात मांडीवर, रिकामे. मग रोज हेच. शिष्या एकटी गावभर धावायची.

सातव्या दिवशी तिचा संयम सुटला. "मावशी, तिकडे जिवंत पोरं खोळंबलीत, आणि तुम्ही इथे रिकामटेकड्या! लोक हसतात."

"हसू देत."

"आणि माझ्या सुनेलाही आळशी करा," सासूने चुलीजवळून टोमणा मारला.

मावशी सासूकडे वळली. "आळशी? नऊ महिने ओझं तिनं वाहिलं. वेणा तिनं सोसल्या, अंग फाटलं ते तिचं. मूल गेलं म्हणून हे घडलंच नाही होय? दूध आलंय बघ. घरात पिणारं कुणी नाही, हे त्याला ठाऊक नाही. बाई म्हणजे भांडं नव्हे, रिकामं झालं की घासून कामाला लावायला. कामाला जुंपून ती विसरणार नाही, रडायची तेवढी राहून जाईल. आणि मी का बसते? एकटी पडून राहिली तर ती आळशी दिसते. दारात सुईण बसली की गावाला बाळंतीण दिसते."

सात दिवस मुकी असलेली ठकू तेवढ्यात बाजेवरून म्हणाली, "मावशी, मुलगा होता की मुलगी? मला कुणी दाखवलंच नाही."

फडकं गुंडाळणारे हात शिष्येचेच होते. ती बाजेजवळ खाली बसली.

"मुलगी होती, ठकूताई. केस दाट होते. मी घाई केली गं."

तेव्हा कुठे ठकूला रडू फुटलं. सासूनेही चूल सोडली, येऊन सुनेचे पाय मांडीवर घेतले. शिष्येला पाणी आणायला उठावंसं वाटलं, पण ती उठली नाही.

बायांनो, पाळणा न हललेल्या घरातही बाळंतीण असते. तिला उठवू नका.