फेस चढवणारी हालूस

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता आणि पुलाची कुणाला गरजही वाटत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. दूर उत्तरेला, जिथे डोंगरावरचं बर्फ उन्हाळ्यातही पुरतं उतरत नाही, तिथे स्कीना नदीच्या काठी गित्क्सान लोकांचं एक गाव होतं. गित्क्सान म्हणजे धुक्याच्या नदीची माणसं. त्या गावात हालूस नावाची एक बाई राहायची आणि तिच्या नाकाला अख्खं गाव भीत असे.

भीत असे ते का, तर ती लोकांच्या हातांचा वास घ्यायची. तिकडच्या रानात लाल बारीक बोरं होतात. आपल्या रिठ्यासारखी ती फेसाळतात, म्हणून आपण त्यांना फेसबोरं म्हणू. पाणी घालून हाताने घुसळली की त्यांचा पांढरा-गुलाबी फेस वर येतो, आणि थोडा कडू, थोडा गोड असा तो फेस खाल्ल्याशिवाय तिथली एकही मेजवानी पुरी होत नाही. पण त्या बोरांचा एक हट्ट आहे. परातीला किंवा बोटाला तेलाचा नुसता ओशटपणा जरी असला, तरी फेस म्हणून चढत नाही. आणि ही माणसं तर मासळीच्या तेलाशिवाय जेवत नाहीत! बोटभर लांबीच्या मासोळीचं लोण्यासारखं घट्ट तेल त्यांच्या पानात सकाळ-संध्याकाळ असायचंच.

मेजवानीचा फेस हालूसच घुसळायची, म्हणून ती स्वतः तेलाला शिवत नसे. ती राखेने हात घासायची, मग वाळूने, मग नदीच्या गार पाण्याने. तिच्या परातीजवळ कुणी गेलं की ती म्हणायची, "दाखव हात!" आणि हुंगायची. एकदा म्हणे तिने पैलतीरावरच्या माणसाला ओरडून सांगितलं होतं की तू सकाळी काय खाल्लंस. असं म्हणतात. खरंखोटं नदीला ठाऊक.

आता त्या लोकांत कूळ आईकडून येतं आणि मामाचं नाव भाच्याला मिळतं. हालूसचा भाऊ तिच्या घराण्याचा मुखिया होता. तो गेला आणि त्याचं 'धुक्यात चालणारा' हे मोठं नाव हालूसच्या मुलाला, नीगासला, मिळायचं ठरलं. नाव मिळायचं तर मेजवानी द्यावी लागते, दुसऱ्या कुळांना बोलवावं लागतं, त्यांनी जेवून, भेटी घेऊन, सगळ्यांदेखत म्हणावं लागतं, 'होय, आम्ही पाहिलं.' पाहुणे मध्येच उठून गेले तर नाव हवेतच लोंबकळतं. मग त्या घराण्याने मासे कुठे धरायचे आणि बोरं कुठे वेचायची, हा त्यांचा हक्कही कुणी मानत नाही.

पाहुणे आले लांडगा कुळाचे आणि बेडूक कुळाचे. लांडग्यांचा मुखिया वोसाक, अंगाने आडवा आणि बोलायला कंजूष. बेडकांचा मुखिया टेनाम, काडीसारखा आणि आवाज मात्र ढोलासारखा. मासे धरायच्या एका खडकावरून दोघांचं गेल्या उन्हाळ्यापासून वाजलं होतं. तरी काळजी नव्हती, कारण त्या लोकांचा एक जुना कायदा आहे. यजमान नाचतो, त्याच्या मुकुटात गरुडाची मऊ पांढरी पिसं भरलेली असतात, नाचताना ती उडतात आणि सगळ्यांच्या डोक्यांवर उतरतात. ज्याच्या डोक्यावर ती शुभ्रता पडली, त्याने त्या घरात भांडायचं नाही. मग तो कुणीही असो.

नीगास गुणी होता, पण त्या दिवशी त्याची नुसती धांदल उडाली होती. सकाळपासून तो पाहुण्यांसाठी वाडग्यांत हाताने तेल वाढत होता. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "नाचायची वेळ झाली!" आणि तो तसाच धावत गेला. त्याच हातांनी त्याने मुकुटात पिसं भरली. कसे हात, ते तुम्ही ओळखलंच असेल.

ढोल वाजू लागले. नीगास नाचला. त्याने मान झटकली, पिसं उडाली नाहीत. त्याने उडी मारली, तरी उडाली नाहीत. शेवटी त्याने अशी काही गिरकी घेतली की मुकुटातून पिसांचा एक तेलकट गोळा सुटला आणि वोसाकच्या पायाशी पचकन पडला.

ढोल थांबले. वोसाकने गोळ्याकडे पाहिलं. टेनाम खो खो हसला आणि म्हणाला, "लांडग्यांच्या वाट्याला मेलेला उंदीर आला बघा!"

झालं! खडकाचं भांडण उकरायला एवढं पुरे होतं. वोसाक उठला, त्याच्यामागे सगळे लांडगे उठले. टेनामची माणसंही बाह्या सरसावून उभी राहिली. वोसाक फक्त एवढंच म्हणाला, "आम्ही काही पाहिलं नाही," आणि दाराकडे निघाला.

नीगास मुकुट हातात घेऊन उभा होता. त्याने आईकडे पाहिलं. हालूसचं काळीज हललं. भावाचं नाव दारातून बाहेर चाललं होतं आणि तिचं पोर लाजेने अर्धं झालं होतं. रडायला तिला वेळ नव्हता. ती परातीपुढे बसली, दोन्ही हात बोरांत घातले आणि घुसळू लागली.

आधी बुडबुडे आले. मग फेस आला. मग परात भरली. ती गाऊ लागली आणि तिचा हात असा फिरू लागला की दिसेनासा झाला. फेस परातीवरून उतरला, जमिनीवरून चालत गेला, बसलेल्यांच्या मांडीपर्यंत, उभ्यांच्या गुडघ्यापर्यंत आला. तो देवदाराच्या खांबांवर चढला, छपराच्या धुराड्यातून बाहेर गेला, तिथे वारा प्यायला आणि परत आत आला. मऊ, पांढरा, हलका. असं म्हणतात की त्या घरात एकही डोकं कोरडं राहिलं नाही. टेनामचं तोंड उघडंच होतं, ते आधी भरलं. वोसाकच्या डोक्यावर तर त्याला शोभेल एवढा मोठा ढीग बसला.

वोसाकचा हात दाराला लागला होता. तेव्हा त्याची म्हातारी आई, जिला दातही नव्हते आणि भीतीही नव्हती, ती ओरडली, "पांढरं आहे ना? यजमानाच्या घरचं आहे ना? डोक्यावर पडलंय ना? मग बस खाली!"

वोसाकने डोक्यावरचा फेस बोटाने चाटला. विचार केला. मग मूठभर उचलला आणि टेनामच्या तोंडावर फेकला. टेनामने दुप्पट फेकला. पुढे कुणी कुणाला काय फेकून मारलं याचा हिशेबच राहिला नाही. दोन मुखिये फेसात बसून लहान मुलांसारखे हसत होते. खडकाचंही तिथेच मिटलं. माशांचा पहिला लोंढा बेडकांचा, दुसरा लांडग्यांचा. आणि सगळ्यांनी फेसाळलेल्या तोंडांनी नीगासचं नवं नाव मोठ्याने उच्चारलं.

"होय," वोसाक म्हणाला, "आम्ही पाहिलं."

हालूसने मुलाला जवळ बोलावलं, त्याचे हात हातात घेतले आणि हुंगले. "धुक्यात चाल हवं तेवढं," ती म्हणाली, "पण आधी हात धू." आणि मग ती रडली, भरपूर, आनंदाने.

पुढे ती फार म्हातारी झाली. एका पहाटे हात धुवायला नदीवर गेली ती परत आली नाही. तेवढं पाण्यावर पांढरं धुकं दाट चढलं होतं. ती गेली नाही, तिथे बसून घुसळतेय, असं म्हणतात.

त्या गावात आजही मेजवानीच्या दिवशी मुखिया आधी सगळ्यांदेखत राखेने हात धुतो. वर्षभर ज्यांचं भांडण झालं असेल, त्यांच्या डोक्यावर पहिला फेस ठेवतात. पण त्याआधी मुखिया ओले हात रिकाम्या हवेत पुढे धरतो आणि सगळे गप्प उभे राहतात. मागच्या ओळीतून कुणी तरी म्हातारी हवा हुंगते आणि म्हणते, "चालेल."

मगच ढोल वाजतात.