पानातला शेवटचा घास

फार पूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन देश होते. अलीकडे उंबरदेश, पलीकडे पळसदेश. नदी काही फार रुंद नव्हती. या काठावर कुणी शिंकलं तर त्या काठावर ऐकू जायचं. पण ऐकून कुणी चौकशी करेल तर शपथ.

माणसं दोन्हीकडे सारखीच होती. सारखीच घोरायची, सारखीच भांडायची आणि सारख्याच सुरात आपल्या देशाचं कौतुक करायची. फरक एवढासाच होता, आणि तो नीट ऐका, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे.

उंबरदेशात पाहुण्याचं पोट भरलं की तो पानात घासभर अन्न ठेवायचा. म्हणजे, 'तुमच्या घरात भरपूर आहे, मी तृप्त झालो.' पान रिकामं दिसलं की यजमानीण समजायची, बिचारा अजून उपाशी आहे, आणि लगेच वाढायची. पळसदेशात नेमकं उलट. तिथे पाहुण्यानं पान चाटूनपुसून लख्ख करायचं. म्हणजे, 'तुमच्या हाताला चव आहे.' पानात शीतभर भात उरला तरी यजमानीण आत जाऊन डोळ्यांना पदर लावायची.

कुणाच्या तरी पणजोबांच्या काळात एक उंबरवाला पळसदेशात जेवून आला आणि एक पळसवाला उंबरदेशात. दोघांची काय गत झाली ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. तेव्हापासून उंबरदेशात म्हणू लागले, "पळसवाले खादाड." आणि पळसदेशात म्हणू लागले, "उंबरवाले माजोरडे." जाणं-येणं बंद झालं. मत मात्र घरोघर राहिलं आणि पोरांबरोबर वाढत गेलं. खादाडाचा पुढे आळशी झाला, आळशाचा चोर झाला. माजोरड्याचा कंजूष झाला. अन्न टाकणारा माणूस कंजूष कसा, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मत एकदा ठरलं की माणसं प्रश्नांच्या भानगडीत पडत नाहीत.

नदीवर एक बंधारा होता. दोन्ही देशांत भांडण नव्हतं तेव्हा दोघांनी मिळून बांधलेला. एका उन्हाळ्यात त्याला भली मोठी भेग पडली. दगडाच्या खाणी होत्या उंबरदेशात. चुना आणि गवंडी होते पळसदेशात. पावसाळ्याआधी दुरुस्ती झाली नाही तर पहिल्याच पुरात दोन्ही काठांवरची खालच्या अंगाची घरं वाहून जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

उंबरदेशचा राजा मनानं चांगला, पण लोकमताला फार भ्यायचा. आज कढी करावी की आमटी, हेसुद्धा तो दवंडी पिटून विचारायचा. त्यानं प्रधानाला बोलावलं आणि सांगितलं, "पळसवाल्यांबरोबर काम करायचं का, लोकांना विचारून या."

प्रधान गावोगाव हिंडला. एका न्हाव्याला त्यानं विचारलं, "काय रे, पळसवाले कसे आहेत?"

"खादाड."

"तू पाहिलास कधी एखादा?"

"पाहायला कशाला हवं, सरकार? खादाड माणूस काय पाहण्यासारखा असतो?"

पुढे एक कुंभारीण भेटली. ती म्हणाली, "त्यांची नजर वाईट बघा. परवा त्या काठावरनं एकानं माझ्या मडक्यांकडं बघितलं, आन् संध्याकाळी एक मडकं फुटलं."

"आपोआप?"

"न्हाई, आमच्या बैलानं लाथ मारली. पण आमचा बैल कधी मारत न्हाई हो!"

तिकडे पळसदेशच्या राजानंही आपला माणूस लोकांत फिरवला होता. त्याला उत्तर मिळालं, "उंबरवाले? अहो, त्यांची गाढवंसुद्धा नाक वर करून चालतात."

प्रधान परत आला. म्हणाला, "महाराज, सगळ्यांचं एकच मत आहे. पळसवाल्यांशी संबंध नको."

"आणि बंधारा?"

"त्याबद्दलही एकच मत आहे. तो दुरुस्त झालाच पाहिजे."

"पण पळसवाल्यांशिवाय कसा होणार?"

"त्याबद्दल कुणाचंच मत नाही, महाराज."

राजा गच्चीवर गेला. खाली नदीकाठची घरं दिसत होती. कुणी दारात धान्य पाखडत होतं, कुणी बाळाला पाळण्यात झोके देत होतं. ही माणसं माझ्या भित्रेपणापायी बुडणार, या विचारानं त्याला रडूच कोसळलं. मग त्यानं जन्मात पहिल्यांदा दवंडी न पिटता एक काम केलं. पळसदेशच्या राजाराणीला जेवायचं बोलावणं धाडलं.

बातमी लपते थोडीच! जेवणाच्या दिवशी नदीकाठच्या मांडवाभोवती दोन्ही देशांची माणसं लोटली. शिपायांनी दोर बांधून त्यांना दोन बाजूंना उभं केलं. ही माणसं जेवायला आलेली नव्हती. आपलं मत कसं बरोबर आहे, ते डोळ्यांनी पाहायला आली होती.

केळीची पानं मांडली, भोवती रांगोळ्या काढल्या. उंबरदेशची राणी पदर खोचून स्वतः वाढायला उभी राहिली. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची भाजी, जिलबी. पळसदेशचा राजा मनापासून जेवला आणि त्यानं पान पुसून लख्ख केलं.

'अगं बाई, उपाशीच आहेत की!' असं मनाशी म्हणत राणीनं पुन्हा पोळ्या वाढल्या.

राजाला वाटलं, केवढा हा आग्रह! तेवढ्याही त्यानं संपवल्या. राणीनं पुन्हा वाढल्या. त्यानं पुन्हा पान पुसलं.

दोराच्या या बाजूला उंबरवाले एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. "बघा, बघा! आमचे आजोबा काय खोटं सांगत होते?"

शेजारच्या पानावर उंबरदेशचा राजा जेवत होता. पोट भरल्यावर त्यानं रीतीप्रमाणे एक घास पानात ठेवला. लगेच दोराच्या त्या बाजूला कुजबुज झाली. "हा माज बघा! स्वतःच्या बायकोच्या हातचंसुद्धा टाकतो!"

जिलबीचं ताट तिसऱ्यांदा फिरलं तेव्हा पळसदेशच्या राजाच्या कपाळावर घाम आला. पुढच्या वाढपाला त्याचे डोळे बाहेर आले. पानात टाकावं, तर स्वतःच्या प्रजेसमोर अन्नाचा अपमान. खावं, तर जागा कुठे आहे? त्यानं हळूच कमरेचा शेला सैल केला. त्याचा सेनापती शिपायांना म्हणाला, "हे आपल्या महाराजांना जेवू घालून मारताहेत! तलवारी हाताशी ठेवा."

इकडे प्रधान आपल्या राजाच्या कानाशी लागला. "महाराज, पुरण संपत आलं. पण वाढणं थांबवलं तर लोक म्हणतील, राजा कंजूष निघाला."

"मग वाढत राहा," राजा रडवेल्या आवाजात म्हणाला.

बंधाऱ्याचं बोलणं अजून निघालंही नव्हतं. दोराच्या दोन्ही बाजूंनी आता उघड शिव्या चालल्या होत्या. एकानं दगड उचलल्याचंही काही जणांनी पाहिलं.

बायकांची पंगत अजून बसायची होती, त्यामुळे पळसदेशची राणी बाजूला बसून हे सगळं बघत होती. पाहुण्यानं पंगतीत यजमानाच्या वाढण्यावर बोलायचं नाही, एवढी एक रीत दोन्ही देशांत सारखी होती. बोललं तर आपलेच लोक नावं ठेवणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं दोरापलीकडच्या गर्दीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा आता जांभळा दिसत होता.

ती उठून उभी राहिली. "राणीसाहेब, एक विचारते, राग मानू नका. तुम्ही वाढायचं थांबणार तरी कधी?"

उंबरदेशची राणी गोंधळून म्हणाली, "अहो, ते खायचे थांबतील तेव्हा!"

"ते कसे थांबतील? पानात अन्न टाकून उठलं तर यजमानाचा अपमान. आमच्याकडे पान पुसून ठेवतात."

"पुसून?" राणीच्या हातातलं ताट खाली आलं. "अगं बाई! आमच्याकडे पान पुसलं म्हणजे पाहुणा उपाशी. पोट भरलं की आम्ही एक घास पानात ठेवतो."

"म्हणजे तुमचे महाराज मघाशी..."

"तृप्त झाले हो!"

पळसदेशच्या राजाचा जिलबी धरलेला हात तोंडाशीच थांबला होता. तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "म्हणजे... मी ही ठेवू?"

"ठेवा, ठेवा!" दोन्ही राण्या एकदम ओरडल्या.

त्यानं जिलबी पानात ठेवली. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं इतक्या जपून ठेवली. मग त्यानं असा काही सुस्कारा सोडला की आधी उंबरदेशचा राजा हसला, मग दोन्ही राण्या, मग दोराच्या दोन्ही बाजूंची माणसं. कुंभारीण तर खाली बसून हसली. न्हावी मात्र मान हलवत राहिला. "तरी खादाडच," तो म्हणाला. असे असतातच.

उंबरदेशच्या राजाला हसता हसता लाज वाटली. इतकी वर्षं, इतकी माणसं, आणि भांडण एका घासाचं! त्यानं तिथेच बंधाऱ्याचा विषय काढला. पळसदेशचा राजा म्हणाला, "चुना आणि गवंडी उद्या पाठवतो. मी स्वतःही आलो असतो, पण दोन दिवस तरी मला उठता येईलसं वाटत नाही."

प्रधान पुढे झाला. "महाराज, मी चटकन लोकमत घेऊन येतो."

"नको," राजा म्हणाला. "आधी दगड उचलू. मत काय, काम करता करताही बनेल."

दुसऱ्या दिवसापासून बंधाऱ्यावर काम सुरू झालं. उंबरवाले दगड आणत, पळसवाले रचत. दुपारी सगळे एकाच झाडाखाली भाकऱ्या सोडत, आणि पहिला घास घेण्याआधी एकमेकांना विचारत, "तुमच्याकडं कसं करतात?" भांडणंही झाली, नाही असं नाही. पण ती दगड वाकडा बसला म्हणून झाली, आजोबांनी सांगितलं म्हणून नाही.

आषाढात नदी फुगली. तांबडं पाणी बंधाऱ्यावर धडका देत राहिलं, पण एक दगड हलला नाही. खालच्या अंगाच्या घरांत पाळणे नेहमीसारखे हलत राहिले.

पाणी ओसरल्यावर राजानं प्रधानाला बोलावलं. "आता जा, आणि लोकांना विचारून या, पळसवाले कसे आहेत."

प्रधान गेला, आणि फार दिवसांनी तोंड पाडून परत आला. "महाराज, क्षमा असावी. या वेळी मत मिळालं नाही."

"का? लोक बोलत नाहीत?"

"बोलतात की, थांबतच नाहीत! मी विचारतो, पळसवाले कसे? तर ते मलाच विचारतात, कुठला पळसवाला? तो बाळाप्पा गवंडी का? तो देवमाणूस, पण त्याचं गाणं ऐकवत नाही. का ती चुना मळणारी गोदाक्का? ती तोंडानं फटकळ, पण माझ्या पोराच्या तापात दोनदा नदी ओलांडून आली. असं प्रत्येक जण एकेकाचं सांगत बसतो. सगळ्या देशाबद्दल एक मत म्हणून द्यायला कुणी तयारच नाही."

राजानं विचारलं, "प्रधानजी, ही बातमी चांगली म्हणायची की वाईट?"

"देशासाठी चांगली, महाराज," प्रधान म्हणाला. "माझ्या नोकरीसाठी वाईट."

तात्पर्य: शेजारच्या देशाबद्दलचं आपलं मत जपून ठेवायचं असेल, तर तिथल्या एकाही माणसाशी ओळख करून घेऊ नये. माणूस नावानं ओळखीचा झाला, की असलं मत टिकत नाही.